मगनच्या हौदाचं पाणी

नवागामच्या त्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या, की एकीला मागे सरावं लागतं. त्या गुरुवारी तर तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाळी सुटून लूमच्या कारखान्यातून आलेले कामगार, साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम अर्ध्यावर टाकून आलेल्या बाया, दूधवाला, गॅसवाला, सगळे हेमराजच्या घरामागच्या परसात माना उंचावून उभे होते. हौदातले मासे एका रात्रीत मेले होते. ते कुणी मारले, हे उखा भगत पाण्याला विचारून सांगणार होता. पाण्याला तोंड फुटत असतं, तर सुरतेत तापीनंच आधी पुष्कळ काही सांगितलं असतं. पण एवढा विचार करायला गर्दीला फुरसत कुठे असते?

हौद मगनचा होता. मगन म्हणजे हेमराज आणि सुंदराचा एकुलता एक मुलगा. त्यानं स्वतः विटा रचून तो बांधला आणि त्यात केशरी, पांढरे मासे सोडले. गेल्या वर्षी तो काविळीनं गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं. मागे त्याची बायको नूतन उरली आणि हौद उरला. सुंदरा सकाळचा चहा हौदाच्या कठड्यावर बसून घ्यायची आणि माशांना विचारायची, ‘‘जेवनात का रे?’’ नूतन दर रविवारी काचेच्या नळीत हौदाचं पाणी घ्यायची, मगनच्या बाटलीतले थेंब त्यात टाकायची आणि आलेला रंग कार्डावरच्या पट्ट्यांशी ताडून बघायची. रंग हिरवा आला म्हणजे मासे सुखात, हे तिला मगननं शिकवलं होतं.

नागपंचमीला नूतन कडोदऱ्याला माहेरी गेली होती. बुधवारी दिवेलागणीला परतली, तेव्हा घर ओळखू येईना. रविवारी कानबाई देवी घरी येणार होती आणि खानदेशातून आलेल्या घरांत कानबाईच्या आधी भिंती उजळल्याशिवाय चालत नाही. नूतननं पिशवीही खाली ठेवली नाही. आधी हौदाशी गेली, माशांना खाणं टाकलं, सवयीनं पाण्यात हात फिरवला. शेजारच्या बायांनी ते पाहिलं. सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

बस, एवढं पुरलं.

उखा भगत मांडी घालून बसला होता. गळ्यात माळांचं ओझं, मनगटावर भलं मोठं घड्याळ. समोर हौदाच्या पाण्यानं भरलेल्या तीन स्टीलच्या थाळ्या.

‘‘जय माताजी! पाणी झूठ बोलत नाही, बेन,’’ त्यानं गर्दीवर नजर फिरवली. ‘‘इंजिनेर झूठ बोलेल, डॉक्टर झूठ बोलेल. पाणी? कधीच नाही! ज्याचा हात मैला, त्याचं पाणी लाल.’’

पहिली थाळी हेमराजची, दुसरी सुंदराची. दोन्ही थाळ्यांत भगतानं लिंबू पिळलं. ‘‘घरधन्यांना राखण पाहिजे,’’ म्हणाला. तिसरी नूतनची. तिच्यात लिंबू नाही. ‘‘हिचं हिच्यापाशी राहू द्या.’’ मग प्रत्येकानं आपापल्या थाळीत हात बुडवला आणि भगतानं छोट्या बाटलीतून तीर्थ शिंपडलं. हेमराजचं पाणी तसंच राहिलं. सुंदराचंही. नूतनच्या बोटांभोवती मात्र लाल धारा सुटल्या आणि बघता बघता थाळी कुंकू कालवल्यासारखी झाली.

‘‘रगत!’’ गर्दीतून कुणीतरी किंचाळलं.

नूतन आपल्या हाताकडे बघत राहिली. भगत बोलतच होता. हिच्या नजरेनं नवरा खाल्ला, आता मुकी जितराबं खाल्ली, कानबाई यायच्या आत ही उंबऱ्याबाहेर गेली पाहिजे. शनिवारी येऊन उतारा करतो, मग हिला पाठवा. एवढ्या गदारोळात नूतनला एकच गोष्ट नीट कळत होती. तीर्थाला इंजेक्शनच्या आधी चोळतात त्या स्पिरिटचा वास होता.

गर्दी पांगली. हेमराज खाली मान घालून पाळीला निघून गेला. सुंदरा ओरडली नाही, रडली नाही. सुनेकडे न बघता म्हणाली, ‘‘तुनी पिशवी भरी ले.’’ मगन गेल्यावर या दोघी एका ताटात जेवल्या होत्या. नूतनला शिव्या चालल्या असत्या. हे तिला सोसेना.

शुक्रवारी दुपारी सुंदरा भाऊबंदांकडे गेली, तेव्हा नूतननं नळी काढली. हौदाशी जायला तिला बंदी होती, तरी गेली. पाण्यात थेंब टाकले. रंग हिरवा आला नाही. निळा झाला आणि कार्डावरची शेवटची पट्टीही ओलांडून गेला. कठड्याला हात लागला तेव्हा बोटं पांढरी झाली. तिनं हौदात वाकून पाहिलं. आतून, तळापर्यंत, ताजा चुना.

बुधवारी रात्री जेवताना सुंदरानं कौतुकानं सांगितलं होतं, ‘‘घरले चुना अन मना मगनना हौदले नही? असं कसं?’’ त्या दुपारी मासे टबात काढून, पदर खोचून, म्हातारीनं स्वतःच्या हातानं चुना फिरवला होता. मासे परत सोडून वर पाण्यातही मूठभर टाकला होता. गावी विहीर शुद्ध करायला टाकतात तसा.

नूतननं नळी धुऊन तिच्यात हौदाचं नवं पाणी घेतलं आणि ती पदराआड धरून चैतालीताईंकडे गेली. चैतालीताई मागच्या गल्लीत राहायच्या आणि मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शाळेच्या प्रयोगशाळेतून एक बाटली आणली आणि तिच्यातला एक थेंब त्या पाण्यात टाकला.

‘‘हाच का गं रंग?’’

नूतननं नळी उजेडात धरली. तेच लाल.

‘‘फिनॉल्फ्थॅलिन. दहावीची पोरं वापरतात. चुन्यासारखं अल्कधर्मी काही पाण्यात असलं, की हे लाल होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून तो वास. आता लिंबू पिळ.’’ नूतननं पिळलं. लाल रंग पुसल्यासारखा गेला. ‘‘आम्लानं चुना मारला. तुझ्या सासऱ्यांच्या आणि सासूच्या थाळीत लिंबू होतं, तुझ्या नव्हतं. झाला चमत्कार! चुन्याची डबी या लोकांच्या पिशवीत असतेच. तुमच्याकडे हौदाचा चुना बघून त्याला तीही काढावी लागली नाही.’’

नूतनला हसू यायला हवं होतं. पण ती नळीकडे बघत राहिली आणि मग हळूच तिनं विचारलं, ‘‘ताई, चुन्याचं पाणी पिवळंही होतं का?’’

‘‘का गं?’’

तेव्हा तिनं सांगितलं. मगनचे डोळे पिवळे झाले, तेव्हा सुंदरानं याच भगताला बोलावलं होतं. तो रोज यायचा, मगनचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचा, आणि थाळीत पिवळंजर्द पाणी उतरायचं. ‘‘बघ, कावीळ निघतेय,’’ म्हणायचा. नूतन दवाखाना दवाखाना करत राहिली. सुंदरा म्हणायची, डोळ्यांनी दिसतंय ना निघताना? दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं, इतके दिवस कुठे होतात?

चैतालीताईंनी चष्मा काढला. ‘‘आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस स्वतःच्या हाताला चोळून येतात. चुन्याचं पाणी लागलं की पिवळा रंग सुटतो. तुझेमाझे हात धुतले असते, तरी तेवढंच पिवळं निघालं असतं.’’

नूतननं नळी उचलून पुन्हा पदराआड धरली.

‘‘ताई, उद्या लोकांसमोर यातलं काही दाखवू नका,’’ नूतन म्हणाली. ‘‘मी जाते कडोदऱ्याला.’’

‘‘वेडी आहेस का? डाकीण म्हणून जाशील?’’

‘‘आईंना मासे त्यांच्याच चुन्यानं गेल्याचं कळेल, तेवढं त्या सोसतील. पण एक धागा ओढला, की दुसरा येणारच ना हातात?’’

‘‘आणि उद्या हा दुसऱ्या कुणाच्या दारात बसेल तेव्हा?’’ चैतालीताईंनी विचारलं.

शनिवारी पुन्हा गर्दी. भगत आज नवा रेशमी शेला पांघरून आला होता. त्यानं नूतनसमोर थाळी सरकवली, तोच चैतालीताई पुढे झाल्या.

‘‘महाराज, आधी माझा हात बघा की.’’

‘‘तुम्हारा काम नहीं है, बेन.’’

‘‘पाणी झूठ बोलत नाही ना? मग घाबरता कशाला?’’ त्यांनी हौदाच्या पाण्यात हात बुडवला आणि आपल्या बाटलीतला थेंब टाकला. लाल! गल्लीतला भटू पुढे ओढला गेला. त्याचंही लाल. दूधवाल्याचं लाल. मग ताईंनी भगताचाच हात धरून थाळीत घातला आणि तेही लालभडक झालं, तेव्हा गर्दी खो खो हसली. ताईंनी लिंबू पिळून रंग घालवून दाखवला, पुन्हा चुना टाकून आणून दाखवला. ज्यांनी परवा ‘रगत’ म्हणून आरोळी ठोकली होती, तेच आता ‘मला दाखवा, मला दाखवा’ करत थाळीभोवती रेटारेटी करत होते.

भगत मात्र मुरलेला होता. माळा गोळा करता करता ओरडला, ‘‘रंगाचं सोडा! मासे कशानं मेले ते बोला! सांगा ना!’’

हसणं थांबलं. माना नूतनकडे वळल्या. तिनं एकदा चैतालीताईंकडे पाहिलं. हे तिचं तिनं सांगायचं होतं.

‘‘चुन्यानं,’’ नूतन म्हणाली. ‘‘पाण्यात चुना उतरला. माशांचे कल्ले जळतात त्यानं. मला कळलं नाही, आई. मी आल्या आल्या पाणी तपासायला हवं होतं.’’

सुंदरा कठड्याला धरून उभी होती. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना अजून पांढरं होतं. तेवढ्यात भगत पिशवी उचलून सटकू लागला. सुंदरानं वाट अडवली आणि चैतालीताईंकडे वळून विचारलं, ‘‘बाई, मना मगनना हातमाईन पिवयं पानी निंघे. ते काय व्हतं?’’

ताईंना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी सांगितलं, अगदी थोडक्यात, अगदी हळू. तरी भिंतीपाशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. हेमराज मटकन खाली बसला. भगत कुणाच्या तरी काखेखालून निसटला. कुणी त्याच्या मागे धावलं नाही.

‘‘तुले कधी कयनं?’’ सुंदरानं सुनेला विचारलं.

‘‘काल.’’

‘‘अन तू पिशवी भरी बठनी व्हतीस? माले कयू नही म्हनीसन?’’

‘‘तुम्हाला कळू नये, एवढंच वाटलं,’’ नूतन म्हणाली. सुंदरानं तिला छातीशी धरलं आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून गल्लीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मगन गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. त्या दिवशी तिला वाटत होतं, आपण सगळं केलं.

लोकहो, रंग बदलणं हा पाण्याचा गुण आहे, त्यात देव नाही आणि डाकीणही नाही. त्या भगताची थाळी खोटं बोलत नव्हती. पाण्यात चुना आहे, हे ती चक्क सांगत होती. कुणी नीट विचारलं असतं, तर एका सुनेची अब्रू गेली नसती. वर्षभर आधी विचारलं असतं, तर कदाचित एक पोरगा वाचला असता. विचारायला शाळामास्तर असावं लागत नाही. हाच हात दुसऱ्याचा असता तर काय झालं असतं, एवढं विचारायचं धाडस लागतं.

रविवारी कानबाई आली. घरात गाणी चालली होती, प्रसादाच्या रोटांचा वास सुटला होता. सुंदरा आरतीपुरती उभी राहिली आणि मग रिकाम्या हौदात उतरून खुरप्यानं चुना खरवडायला लागली. नूतन शेजारी बसून घासत होती.

पलीकडच्या गल्लीतली धनश्री लेकीला कडेवर घेऊन दारात आली. शनिवारचं तिच्या कानावर गेलं नव्हतं, किंवा गेलं असूनही पोटात शिरलं नव्हतं. ‘‘मावशी, उखा भगत कुठे राहतो हो? हिचे डोळे पिवळे दिसतात.’’

सुंदरा हौदातून वर आली. हात न धुताच तिनं पोरीची हनुवटी उचलून डोळे पाहिले. चुन्याचं बोट पोरीच्या गालावर उमटलं.

‘‘माय, थाळीतल्या रंगावर भरवसा ठेवू नको,’’ ती म्हणाली. ‘‘मी ठेवला. चाल, हिचं रक्त तपासू. मी येते संगे.’’

आणि कानबाईचं गाणं चालू असतानाच ती दोघींना घेऊन रिक्षाकडे चालू लागली.