तिसरा मेल

संगमनेरच्या एका छोट्या कंपनीसाठी स्टेला साळवे दूध थंड ठेवायच्या टाक्या विकायची. मिरजगावच्या डेअरीचे मालक वाल्मिक तनपुरे यांना कोटेशन पाठवून अकरा दिवस झाले होते. नंतर तिने दोन मेल केले, तरी उत्तर नव्हतं. भाजी चिरतानाही तिचा हात मोबाईलकडे जाई.

तिसरा मेल लिहायला बसली, तर पुन्हा तेच उमटलं: "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहे." तिने ते खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

तिचा नवरा अँड्र्यू शेजारी वह्या तपासत होता. "तू मिरजगावला गेली होतीस तेव्हा तनपुरे काय म्हणाले होते?"

"लाईट गेल्यावर दूध किती वेळ टिकेल, एवढंच विचारत होते."

"ते लिहिलंस का?"

स्टेलाने आधीचे मेल उघडून पाहिले. दोन्ही मेलमध्ये तिने फक्त स्वतःची घाई लिहिली होती. तिने लगेच अकोल्याच्या जुन्या गिऱ्हाईक रंगुबाईंना फोन लावला.

"पाच तास लाईट गेल्ती," रंगुबाई म्हणाल्या. "दूध चांगलं ऱ्हायलं. पर झाकन सारखं उघडू नका म्हनावं."

"तुमचा नंबर त्यांना देऊ?"

"द्या की."

स्टेलाने सगळं जसंच्या तसं, झाकणासकट लिहिलं आणि शुक्रवारी येऊ का, असं विचारलं. मेल गेला तरी तिला बसवेना. ती घरभर फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी तनपुऱ्यांचाच फोन आला. "रंगुबाईंशी बोललो. शुक्रवारी या. घ्यायची का न्हाई, ते टाकी समजून घेतल्यावर ठरवू."

"येते," स्टेला म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी शांतपणे जेवायला बसली.