हरायचा खेळ

व्यंकटरावांनी मुद्दाम बाभळींकडे तोंड करून पाय रोवले, मनगटं सैल सोडली आणि काठी फिरवली. चेंडू टणकन उडाला, बाभळींवरून डावीकडे वळला आणि जिथे जन्मात कधी गेला नव्हता तिथे, मैदानाच्या ऐन मध्यावर, झेंड्याच्या रोखाने जाऊन थांबला.

"वाह, वकीलसाब!" साहेब म्हणाले. पण त्यांच्या मिशा हसल्या नाहीत.

आज व्यंकटरावांना हरायचं होतं. साधं, बिनबोभाट, नेहमीसारखं हरायचं होतं. आणि हरण्याच्या बाबतीत आजवर त्यांच्या हाताने कधी दगा दिला नव्हता.

सकाळी निघताना बायकोने, नर्मदाबाईंनी, चहाचा कप पुढे ठेवत विचारलंही होतं, "आज म्हणे हरायला चाललात. त्याला एवढं काय तोंड पाडून बसायचं? हरायला तुम्हाला कुणी शिकवावं लागतं का?"

बाईंचं काही चूक नव्हतं. हिंगोलीच्या छावणीतली पलटण उठून गेली त्याला पुष्कळ काळ लोटला होता. मागे उरलं होतं तारेच्या कुंपणातलं हे माळरान, त्याच्या टोकाचा तलाव आणि अंमलदारांचा क्लब. गवताचं तर नावच नको. झेंडा रोवलेल्या खळीभोवती तेल मुरवलेल्या वाळूची गोल अंगणं केलेली, त्यावर चेंडू घरंगळवायचा. साखरा गावच्या जमिनीवाल्या घरातला हा माणूस वकिली करायला शहरात आला, एका अशिलाच्या कामासाठी या क्लबात शिरला आणि गोल्फच्या नादी लागला तो लागलाच. पुस्तकं आणून वाचली. आरशापुढे काठी फिरवताना कंदिलाची काच फोडली. तरी चेंडू उजवीकडेच जायचा, बाभळींत. नाहीतर काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. कधी सगळं जुळून आलंच, तर शेवटी हातभर अंतरावरचा चेंडू खळीच्या काठाला प्रदक्षिणा घालून परत यायचा. क्लबातले लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वकीलसाब, अगले इतवार." असे किती रविवार गेले. एक सामना, फक्त एक सामना जिंकावा, यासाठी या माणसाने मारुतीला नारळसुद्धा बोलला होता. कोर्टात घसा फोडून बोलणारा वकील घरी आला की मुक्याने जेवायचा.

आणि आज हे!

कारण आज साहेबांशी गाठ होती. मैदानाचा, तलावाचा, कुंपणाचा सगळा कारभार साहेबांच्या हातात. माणूस वाईट नव्हता, पण खेळात हरला की पोरासारखा रुसायचा. जिंकला की मात्र मागाल ते द्यायचा. साऱ्या क्लबाला हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी जिंकू दिलं म्हणून दवाखान्याला विहीर मिळाली, आणि एका इंजिनिअरने नको तिथे मर्दुमकी दाखवली, तर त्याच्या कागदावर पावसाळाभर सही झाली नाही.

व्यंकटरावांना विहीर नको होती, सही नको होती. त्यांना मसाजीच्या मेंढरांसाठी पाणी हवं होतं.

मसाजी धनगर साखऱ्याचाच. त्याच्या बापापासूनची मेंढरं व्यंकटरावांच्या वावरात बसायची आणि त्या खतावर जोंधळा पिकायचा. गेल्या साली पाऊस दडी मारून बसला, यंदा कयाधू नदीची वाळू चैत्रातच पांढरी पडली, म्हणून मसाजी सून आणि मुलासह कळप घेऊन छावणीच्या तलावावर आला होता. आता साहेबांनी फर्मान काढलं होतं की उद्यापासून मेंढरं कुंपणाबाहेर. बाहेर कुठे? बाहेर नुसता फुफाटा होता. परवा चांगुणाबाई, मसाजीची सून, दारात आली ती मेलेलं कोकरू पोटाशी धरून. "दूदच न्हाई मायच्या वटीत," एवढंच म्हणाली. नर्मदाबाईंनी तिला आत बसवलं. व्यंकटराव ओसरीवरून हलले नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि अशिलासमोर वकिलाने रडायचं नसतं.

तेव्हाच मसाजीने विचारलं होतं, "मालक, रईवारी साहेबासंगं तुमचा खेळ हाय म्हने. त्यात तुमी जितले तर काम व्हईल का आमचं?"

खरं सांगायला पाहिजे होतं. पण आपण हरायला चाललो आहोत हे बापाच्या वेळच्या माणसापुढे बोलायला जीभ उचलेना. "हं, बघू," व्यंकटराव म्हणाले होते.

तर आता त्या बघण्याची ही तऱ्हा. घट्ट धरू नका, खांदे सैल सोडा, जिंकायचा विचार करू नका, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इतकी वर्षं ते जमलं नव्हतं. आज जिंकायचं नव्हतंच, तर आपसूक जमलं! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण नको तेव्हा दिलेले डोळे घेऊन करायचं काय?

पुढच्या खळीला व्यंकटरावांनी ठरवून पाठ वाकडी केली, डोळे मिटले आणि मारलं. या वेळी चेंडू शहाण्यासारखा बाभळींत गेला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काट्यात अडकलेला चेंडू काढायला चार-पाच फटके तरी जातील, तेवढ्यात साहेबांची खळी होईल.

दोघे चालत तिथवर गेले. चेंडू काट्यात नव्हताच. बाभळींच्या अलीकडे, सपाट जमिनीवर, मातीच्या छोट्याशा उंचवट्यावर असा बसला होता जणू कुणी देव्हाऱ्यात ठेवावा. त्यावर नर्मदाबाईंनी ओळखीसाठी टेकवलेला लाल ठिपका वर आला होता.

"फांदी को लगके आया होगा," साहेब म्हणाले. "किस्मत देखो आपकी."

"जी," व्यंकटराव म्हणाले.

बाभळींच्या मागे मेंढरं चरत होती. मसाजीचा मुलगा भुजंग घोंगडी पांघरून पाठमोरा बसला होता, त्याने मान वळवून पाहिलंही नाही.

मग तलावाकडची खळी आली. व्यंकटरावांनी सरळ पाण्याचाच नेम धरला. चेंडू काठच्या बेशरमाच्या झुडपांत शिरला, तो पाण्यात पडलाच, अशी त्यांची खात्री. झुडपांत खसफस झाली. पाणी भरायला वाकलेली चांगुणाबाई घागर उचलून पलीकडे निघून गेली. जाऊन बघतात तो चेंडू कोरड्या काठावर, ओलाकिच्च, झेंड्याकडे तोंड करून!

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली. त्यांचाही खेळ आता बिघडायला लागला. चिडलेला माणूस घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की काय होतं हे व्यंकटरावांइतकं कुणाला ठाऊक? साहेबांचा चेंडू दगडावर आपटून मागे आला तेव्हा व्यंकटराव लगबगीने पुढे झाले. "हवा उलटी है, हुजूर," ते म्हणाले. हवेचा मागमूस नव्हता. साहेब पुढे चालू लागले.

देवा, अरे आजच का? मी नारळ बोललो होतो तेव्हा झोपला होतास का रे? व्यंकटराव मनातल्या मनात भांडत चालले होते. लांब फटके बिघडवता येईनात, तेव्हा त्यांनी अंगणातल्या वाळूवर चुका केल्या, उघड-उघड केल्या, चेंडू खळीच्या पलीकडे ढकलला. असं करत, ओढूनताणून, शेवटच्या खळीपर्यंत बरोबरी आणली.

शेवटच्या अंगणात साहेबांनी आपला चेंडू आत घातला आणि पहिल्यांदा जरा हसले. आता व्यंकटरावांचा चेंडू हातभर अंतरावर होता. गेला तर ते जिंकणार. चुकला तर बरोबरी. आणि बरोबरी झाली की साहेब खूश असत, गळ्यात हात घालून चहा पाजत. त्या चहाच्या कपावर तलावाचं पाणी सहज मागता आलं असतं.

हातभर अंतर. हे तर त्यांचं हुकमी चुकण्याचं अंतर होतं!

साहेबांच्या चपराशाने, धनसिंगाने, झेंडा काढून घेतला आणि वाळूवरून फळी फिरवून वाट साफ केली. व्यंकटराव वाकले. काठीचं तोंड त्यांनी डावीकडे वळवलं. अंगठ्याइतकं वळवलं असतं तरी पुरे होतं. समोर ती खळी होती, काळी, गोल, वर्षानुवर्षं काठावरून परत पाठवणारी. मेलेल्या कोकराचा विचार करायचा, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यांनी केलाही. आणि मारता मारता मनगट सरळ झालं.

चेंडू काठालाही न शिवता आत पडला. टप्प असा आवाज आला.

आणि खोटं कशाला बोला, त्या एका क्षणी व्यंकटरावांना आनंद झाला. असा आनंद की छाती फुटेल. लगेच दुसऱ्या क्षणी त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मुबारक, वकीलसाब." साहेबांनी हात पुढे केला आणि मिळवण्याआधीच काढून घेतला.

"हुजूर, वो तालाब का... धनगर लोगों का मामला... बहुत तकलीफ में हैं."

"हां, हां." साहेब मोटारीकडे चालत होते. "मैं भी वही सोच रहा था. इतना उमदा खेल साफ मैदान पर ही होता है. जानवर हटेंगे तो और अच्छा होगा. धनसिंग! फाटक पर ताला कल नहीं, आज ही डालो."

"हुजूर, दो महिने... बस बारिश तक..."

मोटारीचं दार लागलं. धुरळा उडाला. व्यंकटराव धुरळ्यामागे चार पावलं धावले आणि थांबले. धोतराचा सोगा सुटला होता, तो त्यांनी खोचलाही नाही.

"जितले! जितले मालक!"

मसाजी घोंगडी खांद्यावर टाकून धावत येत होता. मागून भुजंग, त्याच्यामागे चांगुणाबाई, आणि त्यांच्यामागे सगळा कळप. म्हाताऱ्याने व्यंकटरावांचे पाय धरले. ते मागे सरकले तर त्याने हात धरले.

"तुमाला वाटलं आसंल, एकले खेळून राहिले तुमी," मसाजी धापा टाकत म्हणाला. "न्हाई मालक. आमी बी व्हतो. बाभळीतून चेंडू कोनी काढला? ह्या भुजंगानं. हाताला काटे बगा त्याच्या."

भुजंगाने लाजत पंजा पुढे केला. तो रक्ताने भरला होता.

"आन् तलावातून म्या," चांगुणाबाई म्हणाली. "गाळात हात घालून."

"काहून?" व्यंकटरावांच्या तोंडून निघालं. शहरात आल्यापासून 'का'साठीचा हा गावाकडचा शब्द त्यांनी टाकला होता.

"काहून म्हंजी?" मसाजी चकित झाला. "आपल्या साखऱ्याच्या जत्रंत बगितलं न्हाई का? कुस्तीच्या फडात जो जितला, तो पाटलापुढं उबा राहून मागंल ते मागतो. पाटलाला न्हाई म्हनता येत न्हाई, मग तो किती बी मोटा आसंना. म्हनून म्हनलं, मालकाला हारू द्यायचं न्हाई. साहेबाच्या चेंडूला आमी बोट बी लावलं न्हाई हं. दुसऱ्याचा पाय वढनं पाप. आपल्या गड्याला हात देनं, ते पाप न्हाई."

"शेवटची तेवढी तुमच्या हातची," चांगुणाबाई तोंडाला पदर लावून हसली. "उगड्यावर व्हती, तितं आमाला जाता येईना. म्या तर डोळेच मिटून घेतले. उगडून बगते तं गेली आत!"

"शाबास म्हनलं म्या," मसाजी म्हणाला. "ती एकल्या मालकाची. मग? काय म्हनले साहेब? मागितलं ना तुमी?"

व्यंकटरावांनी सुटलेला सोगा खोचला.

"मसाजी," ते म्हणाले, "मी हरायला आलो होतो."

मसाजीने डोकं मागे टाकलं आणि मोकळेपणाने, तोंडात उरलेले सगळे दात दाखवत हसला.

"ऐक रे भुजंगा, मालक आज मस्करीत आले," तो म्हणाला. "हारायला कोन फडात उतरतंय!"

भुजंगही हसला. चांगुणाबाईही हसली. त्यांच्या मागून मेंढरं आपली आपण तलावाकडे निघाली होती, आणि फाटकाशी धनसिंग साखळीचं दुसरं टोक शोधत होता.