दर्शनी भिंतीपुढची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझ्याबद्दल नगरपालिकेचे एक पत्र आले होते आणि माझ्या मालकांनी, म्हणजे काकांनी, त्याला पाच महिने उत्तरच दिले नव्हते. पत्र माझ्याच पुढच्या कप्प्यात पडून होते, म्हणून मला ते पाठ आहे. बाकीचे मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

कारखान्यात मला फिकट निळा रंग मिळाला. शेजारची गाडी लालभडक होती, त्यामुळे मी जरा हिरमुसलेच होते. मला घरी आणले काकूंनी. त्या परिचारिका होत्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधत. काका ग्रंथालयात नोकरीला. ते दोनदा गाडी शिकायला बसले आणि दोन्ही वेळा कुंपणात घुसले.

"तुम्ही आपले वाचा, मी चालवते," काकू म्हणाल्या.

मग काकू मला हाकत आणि काका शेजारी बसून मोठ्याने वाचत. माझा हॉर्न ऐकला की दुखणेकरी उठून बसत. तेवढे कौतुक मला पुरले.

काकूंना जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून मी घरापुढे मातीत उभी होते. टायर बसले, काचेखाली पाने कुजली. तरी रोज चार वाजता काका येत, आपल्या जागेवर बसत आणि शेजारच्या रिकाम्या सीटला वाचून दाखवत.

पत्रात नियम होता. घराच्या दर्शनी भिंतीपुढे, मातीवर, वाहन उभे करू नये; बाजूला फरसबंदी करून ठेवावे. खाली प्रश्न होता: वाहन कोण चालवते? तिथे काकांचे पेन अडे. शिवाय मला हलवायचे तर माणसे बोलवायला हवीत, आणि काकांना तर पोस्टमनला "जरा थांबा" म्हणायचाही संकोच.

एके सकाळी नगरपालिकेच्या बाईच दारात आल्या.

"काका, उत्तर का नाही दिलंत?"

"नऊ वेळा लिहिलं."

"मग पोचलं कसं नाही?"

"टाकलं नाही. दर वेळी फाडलं."

बाईंनी हसू दाबले. "शनिवारपर्यंत गाडी हलली नाही तर क्रेन येईल, काका. मग थेट भंगारात. आणि उत्तर पाठवा, त्याशिवाय फाइल बंद होत नाही."

त्या दिवशी चार वाजता काकांनी पुस्तक उघडलेच नाही. फाटकापर्यंत तीनदा जाऊन परतले. चौथ्यांदा शेजारच्या गवंड्याचे दार वाजवले.

"अगंबाई!" गवंड्याची बायको म्हणाली. "सहा वर्षं शेजारी राहतोय, तुमचा आवाज आज ऐकला!"

गवंड्याने उरलेल्या फरशा आणून बाजूच्या बोळकांडीत बसवल्या. टायरांत हवा भरली. आपली माणसे ढकलायला मागे उभी केली. "काका, तुम्ही स्टिअरिंगला बसा."

"मी? ती... ती तिची जागा आहे."

"मग माझी बायको बसते. पण भिंत पाडेल बरं का."

"पाडली तर बांधायला तुम्ही आहातच की!" ती म्हणाली.

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी हळूच काकूंच्या बाजूचे दार उघडले आणि बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. एकदा त्यांनी ते उलट्या बाजूला वळवले आणि माझा कोपरा घासला. पण मी आत गेले.

इथे ऊन येत नाही, रस्ता दिसत नाही. समोर भिंत आहे. मित्रांनो, मला इथे करमत नाही. काकांच्या बाजूचे दार भिंतीला अडते, उघडतच नाही. आत यायला आता एकच दार आहे, काकूंचे.

तुमच्या दारातही एखादी जुनी वस्तू उभी असेल. तिची धूळ पुसा. पण तिच्याजवळ कोण बसते, तेही बघा, आणि त्याची हाक येण्याची वाट पाहू नका. त्या हाकेला सहा वर्षे लागू शकतात.

काल काकांनी स्टिअरिंगवर कागद टेकवून लिहिले, "गाडी कोणीही चालवत नाही. पत्नी चालवत असे. मी गाडीत नुसता बसतो." मग लिहिलेले पुन्हा वाचायला घेतले. आता हाही फाटणार, मला वाटले. पण त्यांनी पाकीट चिकटवले, चपला घातल्या आणि गेले. परत आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.