एकतिसावा सांधा

“नॉबी, तुम्ही कधी गाडीतल्या लोकांच्या डोक्यावर ओकलायत का?”

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, इंडी आणि मार्लोने, लावली होती. मी तो विचारला, आणि तोही भर चहाच्या वेळेला, मेन्स शेडमध्ये, अकरा म्हाताऱ्यांसमोर. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायचे. दहावीत आल्यावर मला शोध लागला की मला आवाज आहे. आणि आहे म्हटल्यावर तो वापरायला नको?

सुतारकाम शिकायला शाळा आम्हाला दर मंगळवारी या शेडमध्ये पाठवते. आमच्या बारूना गावातली निवृत्त माणसं इथे लाकूड तासतात, चहात बिस्किटं बुडवतात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. नॉबी त्यांच्यात सगळ्यात वयस्कर. तरुणपणी तेवीस वर्षं ते समुद्रकाठच्या एका बागेत लाकडी रोलर कोस्टरवर ब्रेकवाला होते. तसल्या जुन्या कोस्टरवर डब्यांच्या मधोमध एक माणूस उभा राहतो आणि उतारावर दांडा ओढून वेग आवरतो. पट्टा नाही, काही नाही, नुसता उभा.

नॉबींनी कप खाली ठेवला. “डोक्यावर नाही. टोपीवर. एका बाईच्या. नवीकोरी होती.”

सगळी शेड खो खो हसली. मी पैज जिंकले.

“आता माझा प्रश्न,” ते म्हणाले. “तोंड चालतंय, ते दिसलं. हात चालतात का? कोस्टर बांधशील?”

“पैज?” मी विचारलं.

“पैज नाही, पोरी. काम.”

अशी सुरुवात झाली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी बांधत होते. पाइनच्या पट्ट्यांचे खांब, भिजवून वाकवलेल्या वेताच्या काड्यांचे रूळ, आणि त्यावरून धावणारी काचेची गोटी. पहिल्या आराखड्यात मी दुसरी टेकडी पहिलीइतकीच उंच काढली होती, कारण ती छान दिसत होती. गोटी वर चढता चढता थांबली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मागे आली.

“हिला घरी काहीतरी विसरल्याची आठवण झाली,” नॉबी म्हणाले. “पहिल्या टेकडीवर जे मिळतं ना, तेवढ्यावरच घर गाठायचं असतं. वाटेत कुणी काही देत नाही. पुढची प्रत्येक टेकडी बुटकी काढ.”

मी सहा वेळा आराखडा बदलला. एकूण बासष्ट सांधे झाले, एकसष्ट माझे. एकतिसावा नॉबींनी मागून घेतला. “एक मला करू दे,” इतकंच म्हणाले. तो सगळ्यात खोल दरीतला सांधा होता, गोटीचा सगळा मार तिथेच बसतो. त्यांचे हात थरथरतात. एवढ्याशा सांध्याला त्यांना अख्खी सकाळ लागली. कुणीही मदत करतो म्हणालं नाही, आणि झाल्यावर सगळ्यांनी उगाचच आपापल्या कामात डोकं घातलं. पण सांधा असा बसला होता की नखसुद्धा आत जाईना.

त्यांचा एक नियम होता. बागेत ते रोज सकाळी पहिली गाडी सुटायच्या आधी सगळा रूळ चालत जायचे आणि हातोडीने सांधा न् सांधा वाजवायचे. चांगला सांधा ‘टक्’ वाजतो, दुखावलेला ‘टप्’. “वाजवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि काही तुटलंच, तर तुकडा टाकायचा नाही. का तुटलं ते तुकडाच सांगतो. माणसं सांगत नाहीत.” माझ्या कोस्टरसाठी त्यांनी एक बोटभर पितळी हातोडी आणली होती. वाजवताना ते डोळे मिटायचे.

आता गेल्या गुरुवारचं. गावच्या वार्षिक शोला, म्हणजे केकपासून लाकूडकामापर्यंतच्या स्पर्धांना, दोन दिवस होते, कोस्टर आमच्या गॅरेजमध्ये होता, आणि इंडी-मार्लो बघायला आल्या होत्या. गोटी तीनदा सोडली. चौथ्यांदा इंडीने जांभई दिली.

“अजून जोरात नाही का जात?” मार्लो म्हणाली. “तुझ्या बाबांकडे ती पोलादी गोळी आहे ना, बेअरिंगमधली? ती सोड.”

मला माहीत होतं. नॉबींनी मला सांगितलं होतं की वजन वाढवून वेग वाढत नाही, मार वाढतो. भौतिकशास्त्राच्या बाईंनीही तेच शिकवलं होतं. पण त्या जांभईने माझं डोकं फिरवलं. मी गोळी सोडली.

दरीत कट्ट झालं. एकतिसावा.

इंडी म्हणाली, “अरेरे.” मार्लो म्हणाली, “चिकटव ना, कोणाला कळतंय?” मी चिकटवला. लाकडाच्या डिंकाला वाळायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावला, जो काचेसारखा कडक होतो आणि काचेसारखाच तुटतो. वरून रंगाचा हात फिरवला. दिसायला अगदी पहिल्यासारखा.

शनिवारी सकाळी शोच्या मंडपात नॉबी इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातून पितळी हातोडी काढली. हात पुढे केला.

“मी आधीच वाजवलं,” मी म्हणाले. “सगळे टक्.”

“शाब्बास,” ते म्हणाले, आणि हातोडी परत खिशात ठेवली. इतक्या चटकन विश्वास ठेवला त्यांनी! मला वाटलं होतं, निदान एकदा तरी विचारतील.

परीक्षक मिसेस प्रॉक्टर एरवी केक तपासतात, म्हणून त्या कोस्टरकडेही आत कच्चा राहिलाय का अशा नजरेने बघत होत्या. सलग दहा फेऱ्या व्हायला हव्या होत्या. सातव्या फेरीत दरी खचली आणि गोटी थेट जॅमच्या बरण्यांखाली गेली.

सगळे गोटी शोधायला वाकले. मी तुटलेला तुकडा उचलला. त्यावर नॉबींचा पिवळा डिंक होता आणि त्याच्यावर माझ्या गोंदाचा चकचकीत थर. दोन्ही अगदी स्पष्ट. मी तो खिशात घातला.

“तुकडा कुठाय?” नॉबींनी विचारलं.

“सापडत नाहीये.”

ते थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग मिसेस प्रॉक्टरना म्हणाले, “तो सांधा माझा आहे, ग्लेनिस. पोरीचे एकसष्टही धड आहेत, बघ. तिला तिच्या कामाचे गुण दे.”

मी बोलायला हवं होतं. मला आवाज आहे, नाही का? मंडपात स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या गोड पावांच्या, रांगेत साठ माणसं होती, आणि माझा आवाज दोन वर्षांपूर्वीच्या मुलीकडे परत निघून गेला.

नियमात एक दुरुस्ती चालते. मी नवी पट्टी बांधली, दहा फेऱ्या झाल्या, पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. कार्डावर मिसेस प्रॉक्टरनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मुलीचं काम निर्दोष. दोष मदतनिसाच्या सांध्यात.’ ते कार्ड शनिवार-रविवार तिथे उभं होतं. अख्ख्या गावाने वाचलं, हातात चहा घेऊन.

मंगळवारी, म्हणजे परवा, शेडमध्ये नॉबींचं स्टूल रिकामं होतं. माझ्या जागेवर एक लोकरी मोजा होता आणि त्यात पितळी हातोडी.

शेडचा कारभार बघणारे रेज माझ्याकडे न बघता म्हणाले, “नॉबी शेडची किल्ली देऊन गेला. म्हणतो, हातांवर भरवसा राहिला नाही, उगाच कुणा पोराचं बोट जायचं. हातोडी मात्र तुला द्यायला सांगितली. म्हणे, हिचा कान चांगला आहे.”

हिचा कान चांगला आहे.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. इंडी म्हणाली, “अगं, ते तसेही म्हातारे आहेत.” मी तिच्याशी बोलत नाहीये. पण तिने काय केलं? गोळी मी सोडली, गोंद मी लावला, खोटं मी बोलले. दोनदा. नुसतं जाऊन सांगितलं, तर नॉबी म्हणतील, पोर मनाची चांगली आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय. माझ्यावर ते विश्वास ठेवतील, अशी सोय मीच ठेवलेली नाही. तुकड्यावर ठेवतील.

आज संध्याकाळी जेवताना निळी फीत नेहमीप्रमाणे फ्रिजवरून माझ्याकडे बघत होती. बाबा बटाट्यांवर ग्रेव्ही ओतत होते. आई म्हणाली, “काय गं, पुन्हा काही खात नाहीस?”

मी खिशातून तुकडा काढला आणि मिठाच्या डबीशेजारी ठेवला. मग सगळं सांगितलं, पोलादी गोळीपासून मोज्यापर्यंत. बाबांची ग्रेव्ही टेबलावर सांडली, तरी त्यांना कळलं नाही.

“टीगन,” आई हळूच म्हणाली, “त्यांच्या घरी जाऊन एकट्यांना सांगितलंस तर? सगळ्यांसमोर कशाला?”

“कारण कार्ड सगळ्यांनी वाचलंय,” मी म्हणाले. आवाज फाटला, पण आला. “उद्या शाळा सुटली की मी फीत मिसेस प्रॉक्टरना परत करणार आहे. मग नॉबींकडे जाऊन तुकडा त्यांच्या हातात देणार आहे. आणि मंगळवारी चहाच्या वेळेला शेडमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे की एकतिसावा सांधा मी तोडला. नॉबी आले तरी, नाही आले तरी. तुम्ही दोघांनी बरोबर यायचं नाही.”