पाहुण्यांकडे तोंड केलेली तबकडी

छत्रीबागेतल्या आमच्या वसतिगृहात कांताबाई तीस वर्षं चुलीवर पाणी तापवत आली. डॉक्टरांनी "आता धूर बंद, नाहीतर फुफ्फुसं संपतील" असं बजावलं, तेव्हा पंचशीलजींनी गच्चीवर आरशांची मोठी तबकडी उभी केली. रिटायर्ड इंजिनिअर माणूस. सगळं ऊन एका काळ्या टाकीवर एकवटायचं आणि पाणी अर्ध्या तासात उकळायचं. फक्त दर पंधरा मिनिटांनी चाक फिरवून तबकडी सूर्याकडे वळवावी लागे.

उद्घाटनाला मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. फोटोग्राफर मला म्हणाला, "भिया, आरसा साहेबांकडे करा ना, फोटो मस्त येईल." केला. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीला दुसरी जागा सापडेना, म्हणून मी, वसतिगृहाचा सचिव, ती चाकावरच सिमेंटने पक्की करून घेतली.

"आता हे फिरणार कसं?" पंचशीलजींनी विचारलं.

"साहेबांचं नाव आहे त्यावर. काढायला परमिशन लागेल. अर्ज टाकलाय."

त्याला चौदा महिने झाले. पंचशीलजी माझ्याशी बोलत नाहीत. या दिवसांत संध्याकाळी सूर्यच दहा मिनिटं तबकडीसमोर येतो. तेवढ्यात कांताबाई चुलीची ओली लाकडं तिथे वाळवून घेते.

"मशीन अच्छी आहे, सचिवजी," काल ती खोकत म्हणाली. "लाकडं वाळली की धूर जरा कमी होतो."

मी वार्षिक अहवालात लिहिलं, धूर कमी झाला.