लोणी ठेवलेली लसपेटी

"या पेटीचा वास काही जात नाही. लोणी खाल्लं की दवाखाना चाटल्यासारखं वाटतं," असे पुटपुटत यशिमबेत आजीने माझ्यात नाक खुपसले आणि पुन्हा हुंगले.

वास जाईल कसा? मित्रांनो, मी एक जुनी निळी लसपेटी आहे. इथिओपियातल्या या डोंगरावर माझी हयात गेली. माझ्या पोटात चहूबाजूंनी बर्फ असे आणि मध्ये धनुर्वाताची लस. सुई टोचायची गरोदर बाईला, पण तिचे कवच मिळायचे पोटातल्या बाळालाही. या कामाचा मला फार अभिमान होता.

आरोग्यसेविका वुबालेमच्या खांद्यावरून मी नऊ वर्षे हिंडले. बायका मला तिची थोरली लेक म्हणत. "हिचं लग्न कधी गं?" कुणी विचारले की वुबालेम म्हणे, "पोटात बर्फ घेऊन फिरते, कोण करणार हिला?"

यशिमबेत आजीची सून त्सिगे. तिने सातव्या महिन्यात पहिली सुई घेतली. महिन्याने आम्ही दुसरीसाठी गेलो, तर आजी दारात आडवी.

"सून माहेरी गेलीय."

आतून कॉफी कुटल्याचा आवाज येत होता.

"मग कुटतंय कोण, आजी?"

"उंदीर. धडधाकट बाईला दोन-दोन सुया कशाला? पोट आखडतं त्यानं."

"बरं. उंदराला सांगा, उद्या पुन्हा येते," वुबालेम म्हणाली.

तो उद्या आलाच नाही. उतारावर तिचा पाय घसरला, मी दगडावर आपटले आणि माझ्या झाकणाची बिजागरी तुटली. बिजागरी महिनाभर आधीच सैल झाली होती, कुणी लक्ष दिले नव्हते. आता बर्फ दुपारीच वितळू लागला. नवी पेटी यायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात त्सिगे बाळंत झाली.

मी अडगळीत जाणार होते. आजीने मला लोण्यासाठी मागून घेतले. मुलगी झाली, तेव्हा नाळ विळ्याने कापली आणि आजीने माझ्यातलेच लोणी बोटावर घेऊन नाळेला लावले. इथल्या सगळ्याच आज्या लावतात, आणि मायेनेच लावतात. मला ओरडता आले असते तर...

सहाव्या दिवशी बाळ दूध पिईना. ओठ आवळलेले, तोंड उघडेना. दार वाजले तरी इवलेसे अंग धनुष्यासारखे ताठ होई. शेजारणी कुजबुजल्या, "पक्ष्याची सावली पडली." या आजाराचे खरे नाव इथे कुणी घेत नाही.

वुबालेम धावत आली. "मोल्ला, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. खाली गाडी थांबवलीय."

बाळाचा बाप मोल्ला आईच्या तोंडाकडे बघत राहिला. "पक्ष्यावर दवाखान्यात काय औषध असणार? मठातलं पवित्र पाणी येतंय."

"ते घशाखाली कसं उतरवशील? तोंड उघडतंय का तिचं?"

"आत्याबाई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचंच ऐकतील," त्सिगे म्हणाली. कुशीतल्या पोरीला अजून नावही नव्हते. इथे मुलीचे नाव ऐंशीव्या दिवशी ठेवतात, त्याला अजून अडीच महिने होते.

मित्रांनो, मोडकी पेटी बदलता येते. चुकलेली सुई मात्र बाळ जन्मल्यावर मागे जाऊन देता येत नाही. तुमच्या दारी कुणी अशी पेटी घेऊन आले, तर आतल्या बाईला बाहेर बोलवा. आणि त्या पेटीची बिजागरी सैल दिसली, तर तेवढे सांगा कुणाला तरी.

आजी माझ्या शेजारीच बसली होती. तिने बोटे शालीला पुसली. कोरडीच होती, तरी पुन्हा पुसली.

"पक्षी नाही रे," ती म्हणाली. "तुझ्या आधीची माझी दोघं अशीच तोंड मिटून गेली. तेव्हाही पक्षी नव्हता. धनुर्वात आहे हा. सून आतच होती, मोल्ला. सुईवालीला मीच परत पाठवलं. ऊठ, उचल पोरीला."