सांग तुह्या आईले

आमच्या घरात आई आणि मोठे बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, ती रीत आहे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ गुणवंतराव, आईचे भासरे. भासऱ्यासमोर बाईने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खुर्चीवर बसायचं नाही आणि तोंड तर उघडायचंच नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून आईने हे इमानेइतबारे पाळलं. मग बोलणं व्हायचं कसं? माझ्यामार्फत. बोबडं बोलायला लागले तेव्हापासून मी त्या घराची पोस्टमन आहे. दोघं एकाच ओसरीवर, आणि आई मला म्हणणार, "रोशनी, सांग मोठ्या बाबाले, मासोळ्याइचं जाळं फाटलं आहे." ते त्यांच्या कानात स्वच्छ शिरलेलं असायचं. तरी मी ते पुन्हा म्हणायचं आणि मग ते मला म्हणणार, "सांग तुह्या आईले, शिवून ठेव म्हणा." मला या रीतीची चीड होती. वडील गेल्यावर तर जास्तच, कारण सगळा कारभार मोठ्या बाबांच्या हाती गेला आणि आईला हक्काचं काही मागायचं तरी माझंच तोंड लागायचं.

बारावीनंतर मला चंद्रपूरच्या एका कम्युनिटी कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला जागा मिळाली. मोठे बाबा तोंडदेखलं "बरं झालं" म्हणाले. पण त्यांचा मुलगा निकेश त्याच वर्षी बारावीत नापास झाला होता, आणि तलावावर मासे धरताना कोणी माझं नाव काढलं की त्यांचा चेहरा आंबायचा. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ते आमच्यासोबत निघाले. आईने नको म्हणायला हवं होतं. पण बाहेरच्या कामाला घरातला कर्ता पुरुष जातो, हीसुद्धा रीतच. वडसा स्टेशनवर चंद्रपूरची पॅसेंजर पकडली. ते खिडकीपाशी, आई पलीकडच्या बाकावर पाठमोरी, आणि मध्ये मी, कपड्यांची पेटी मांडीवर घेऊन.

कॉलेजच्या ऑफिसात बाबूच्या टेबलापुढे एकच खुर्ची होती. मोठे बाबा तिच्यावर ऐसपैस बसले. आई दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटच्या दिवशीच कसे उगवता तुम्ही लोक, म्हणत बाबूने माझे कागद ओढले. मोठ्या बाबांनाच त्याने पालक धरलं आणि सगळं त्यांनाच विचारू लागला. शिकणार मी होते, पण माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. होस्टेलचा विषय आला तेव्हा मोठे बाबा आरामात म्हणाले की होस्टेल नको, पोरगी घरूनच येणंजाणं करेल.

मी हादरले. आमचं गाव वडशाच्याही पलीकडे. पहाटेची गाडी धरली तरी अर्धे वर्ग बुडणार. होस्टेल नाही म्हणजे कॉलेज नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाही म्हणायचा वाईटपणा न घेता त्यांनी माझा गळा कापला होता. बाबूने बजावलं की मुलींच्या होस्टेलला एकच खाट उरली आहे, बाहेर दुसरी मुलगी बसली आहे, पालकांचा होकार आत्ता हवा.

"रोशनी, सांग त्याइले," आई भिंतीपासून म्हणाली, "होस्टेल पाह्यजे म्हणा."

मी सांगितलं.

"सांग तुह्या आईले, जवान पोरगी एकटी ठेवली तं गाव मलेच विचारन."

"सांग त्याइले, तिच्या बापानं तिले शिकवाचं म्हटलं होतं."

"सांग तुह्या आईले, बाप आता नाई. मी आहो."

बाबू हसायला लागला. बाई इथेच उभ्या आहेत ना, त्यांना ऐकू येत नाही का, असं त्याने मला विचारलं. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमही तोंडाला हात लावून हसल्या. माझी कानशिलं तापली. मोठ्या बाबांचा राग आला, बाबूचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा. पोरीचं वाटोळं होत होतं आणि ही पदर सावरत भिंतीला चिकटलेली.

"मी नाई सांगत," मी म्हणाले. "तुले पाह्यजे असन तं तूच सांग."

आई पुन्हा म्हणाली, रोशनी, सांग. आवाज रडवेला झाला होता. मी मान फिरवली. बाबूने शिपायाला पुढच्या मुलीला आत घ्यायला सांगितलं.

तेव्हा आई भिंतीपासून हलली. सरळ टेबलापाशी आली आणि मोठ्या बाबांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "उठा."

ते उठले नाहीत. सवयीने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय सांगते म्हणून.

"तिच्याकडे काऊन पाहता? मी बोलून राह्यली. उठा त्या खुर्चीवरून. पोरगी माही आहे."

भर बाजारात धोतर सुटल्यासारखे ते उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. आई खुर्चीवर बसली. बाबूचं हसू एव्हाना आटलं होतं. होस्टेल लिहा, असं तिने त्याला सांगितलं आणि त्याने दाखवलं तिथे सही केली. खाट मला मिळाली.

गेटपाशी आलो. मला वाटलं होतं, आता ती मला जवळ घेईल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिने तो झटकला.

"त्या लोकाइपुढे माही इज्जत मातीत घातली तू. चार शब्द सांगाले तुह्या जिभेले काय झालं होतं?"

सांगत बसले असते तर खाट गेली असती, असं मी म्हणाले. मीही चिडलेच होते.

"तू आता इथी राहशील," ती म्हणाली. "तिथी त्याइच्या घरात मले राहाचं आहे. एकटीले."

स्टेशनच्या ऑटोत मोठे बाबा ड्रायव्हरपाशी आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्याच सोबत, त्यांच्याच घरी तिला परत जायचं होतं. तिने पदर डोक्यावर ओढला.

"नापास होऊन आली तं दारात उभी नाई करणार," एवढं बोलून ती गेली आणि ऑटोत मागच्या सीटवर जाऊन बसली. तिने वळून पाहिलं नाही. मला तिचा राग आला होता, अजूनही आहे. पण नापास व्हायची माझी टाप नाही.